पैजेचे लाडू आणि अर्ध्या तासाची सुटी

(बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गणेशोत्सवानिमित्त तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या मंडळाने काल संध्याकाळी याच मांडवात वडापाव खाण्याची स्पर्धा घेतली. पाच मिनिटांत जो सर्वांत अधिक वडापाव खाईल त्याला पाच हजार एक रुपयांचे पारितोषिक असे जाहीर झाले होते. ते माझ्या हस्ते द्यावे अशी कार्यकर्त्यांची इच्छा होती. मी नम्रपणे नकार दिला. नकाराने तुम्ही नाराज झालात हे मला समजते. 'सरांना तरुणांची गंमत बघवत नाही' असेही कोणी म्हणाले असेल. परंतु नुसता नकार देऊन घरी बसणे हा मास्तराचा धर्म नव्हे. नकाराची कारणे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि ती पार पाडण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

दुसरीही एक गोष्ट आरंभीच कबूल करतो. या विषयावर मी पुस्तकी अधिकाराने बोलत नाही. अशा पैजेत मी स्वतः एकदा बसलो आहे आणि हरलो आहे. त्या पराभवाने मला जे शिकवले ते एम. ए. च्या वर्गात कोणी शिकवले नव्हते. पुढे तीस-बत्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवले. पण ही हकीकत वर्गात कधी सांगितली नाही. कारण तिच्यात माझी शोभा नाही.

१९८१ सालचा वैशाख होता. मी अंबाजोगाईला बी. ए. च्या वर्गात होतो. केज तालुक्यातल्या एका गावी एका बड्या बागाईतदाराच्या घरच्या लग्नाला आम्ही चार मित्र गेलो होतो. वरातीतल्या मानकऱ्यांच्या पंगती उठल्या, उन्हे कलली, आणि आचाऱ्याच्या परातीत बुंदीचे लाडू बरेच उरले. यजमान खुशीत होते. त्यांनी पैज पुकारली: तीस लाडू, पंधरा मिनिटे, एक्कावन्न रुपये. पाणी एकच तांब्या. मध्येच उठायचे नाही, आणि खाल्लेले पोटात राहिले पाहिजे. मित्रांनी मला पुढे ढकलले. कॉलेजातला पोरगा, अंगात रग, आणि जमलेल्या बायाबापड्यांपुढे मिरवण्याची हौस. मी पाटावर बसलो.

समोर कोण बसणार? यजमानांनी इकडेतिकडे पाहिले आणि पंगतीत पाणी वाढणाऱ्या आपल्या सालगड्याला हाक मारली. तिशीतला माणूस, अंगाने काटक. सकाळपासून तो राबत होता आणि त्याचे जेवण अजून व्हायचे होते. गड्यांची पंगत नेहमी शेवटी बसे. "ह्यो खातो का न्हाई बघा," असे यजमान म्हणाले आणि लोक हसले. तो काही बोलला नाही. हात धुऊन समोर बसला. माझ्याखाली पाट होता, त्याच्याखाली जमीन होती. त्या वेळी ते मला खटकले नाही.

पहिले सहा-सात लाडू मी सहज खाल्ले. अकराव्याला तोंड कोरडे पडले. चौदाव्याला जबडा आखडला. गोड या चवीची शिसारी येऊ शकते हे मला त्या दिवशी कळले. सोळावा लाडू हातात धरून मी बसून राहिलो आणि मग तो पत्रावळीवर ठेवून दिला. मित्र हिरमुसले, पण कोणाला फारसे वाईट वाटले नाही. मी हरलो तर माझे काय जाणार होते? सालगडी मात्र थांबला नाही. त्याने सव्वीस लाडू खाल्ले. वेळ दोन-अडीच मिनिटे उरली होती. तेव्हा त्याने मान वर केली आणि यजमानांना विचारले, "मालक, हे चार लेकरांला नेले तर चालतेन का?"

यजमान म्हणाले, "पैज म्हंजे पैज."

त्याने सत्ताविसावा लाडू तोंडात कोंबला. त्याला ठसका लागला. डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा पडला. कोणीतरी पाठीत जोराने बुक्क्या मारल्या. तो धडपडत उठला आणि गोठ्यामागे जाऊन ओकला. पैज हरला. लोक हसहसून लोटपोट झाले. आणि मित्रहो, मीही हसलो. एक माणूस मरता मरता वाचला होता आणि मी हसत होतो. त्याच्या पुढ्यातल्या तीन लाडवांचे काय झाले हे पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

आता या पैजेतून मी काय शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिला धडा शरीराचा आहे. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात असे शरीरशास्त्र सांगते. पाच, दहा किंवा पंधरा मिनिटांची स्पर्धा म्हणजे ती वर्दी पोचण्यापूर्वीच उरकून घेण्याची युक्ती आहे. शरीराने आपल्या रक्षणासाठी जो पहारेकरी उभा केला आहे त्याला झोपवून घरात शिरण्याचा हा प्रकार आहे. अमेरिकेत ही विद्या धंदा बनली आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागात दर ४ जुलै रोजी 'हॉट डॉग' खाण्याची स्पर्धा भरते. २००१ साली ताकेरू कोबायाशी या जपानी तरुणाने बारा मिनिटांत ५० खाऊन आधीचा विक्रम दुप्पट केला. २०२१ साली जोई चेस्टनट याने दहा मिनिटांत ७६ खाल्ले. असे स्पर्धक महिनोन् महिने पोट ताणण्याचा सराव करतात. २००७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉक्टरांनी अशा एका धंदेवाईक खाणाऱ्याचे पोट क्ष-किरणांखाली तपासले. ते आकुंचन पावण्याची आपली क्रियाच हरवून बसल्यासारखे, एखाद्या सैल पिशवीसारखे फुगत गेलेले त्यांना आढळले. त्या माणसाला पोट भरल्याची जाणीवही होत नव्हती. भूक भागल्याचे सुख ही निसर्गाने गरिबातल्या गरिबालाही दिलेली देणगी आहे. ती त्याने विक्रमासाठी गहाण टाकली होती.

हे दूरचे झाले. आपल्या देशात २०२४ च्या ओणमाच्या सणात केरळातील पालक्काड जिल्ह्यात, वाळयारनजीक, इडली खाण्याच्या स्पर्धेत एक माणूस घशात इडली अडकून मरण पावला. तो पन्नाशीच्या घरातला होता. इडलीपेक्षा निरुपद्रवी पदार्थ दुसरा कोणता असेल? आजाऱ्याला आणि लहान मुलाला आपण इडली देतो. मारक ठरली ती घाई. काल तुमच्या मांडवात पाव पाण्यात बुडवून गिळणारी जी मुले मी पाहिली, त्यांच्यापैकी एकाच्या घशात तो पाव अडकला असता तर आज येथे भाषण नव्हे, शोकसभा झाली असती. मांडवात डॉक्टर नव्हता आणि जवळचे सरकारी रुग्णालय किती दूर आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

दुसरा धडा अर्थशास्त्राचा आहे आणि तो थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकवतो. हेरमान गोसेन या जर्मन लेखकाने १८५४ साली तो मांडला. भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीपासून जे समाधान मिळते त्याहून दुसरीपासून कमी, तिसरीपासून त्याहूनही कमी मिळते. आणि एक क्षण असा येतो की पुढची भाकर सुखाऐवजी त्रास देते. शहाणा उपभोक्ता त्या ठिकाणी थांबतो. मग पैजेत माणूस का थांबत नाही? माझ्या सोळाव्या लाडवाची उपयोगिता शून्याखाली गेली होती, म्हणून मी थांबलो. सालगड्याचीही गेलीच होती. तो का थांबला नाही?

याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सापडले. मी त्या पाटावर उपभोक्ता म्हणून बसलो होतो आणि तो जमिनीवर मजूर म्हणून बसला होता. सातव्या-आठव्या लाडवानंतर त्याचे खाणे संपले आणि काम सुरू झाले. एक्कावन्न रुपये ही त्या काळी रोजगार हमीच्या कामावरच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम होती. तो लाडू खात नव्हता, लाडू उपसत होता. जसे विहिरीचे पाणी उपसावे किंवा खडीचा ढीग फोडावा, तसे ते उक्ते काम होते. त्या कामातून जो माल तयार होत होता तो म्हणजे प्रेक्षकांची करमणूक. आणि उक्त्या कामाचा नियमही कसा होता पाहा: तीसपैकी सत्तावीस नग केले तर सत्तावीस नगांची मजुरी नाही. सगळे किंवा काहीच नाही. इतका जुलमी करार आमच्या मुकादमांनाही सुचला नव्हता.

हाच करार आज चकचकीत वेष्टनात आला आहे. २०२१ च्या आरंभी पुण्यानजीक वडगाव मावळ येथील एका हॉटेलाने 'बुलेट थाळी' काढली. अडीच हजार रुपयांची चार किलोंची सामिष थाळी एका तासात संपवणाऱ्याला बुलेट मोटारसायकल बक्षीस. देशभर तिचा बोलबाला झाला. मी त्या हॉटेलमालकाला दोष देत नाही. तो उघड अटी सांगून व्यापार करत होता. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तुम्ही कागद-पेन्सिल घ्या. समजा, गाडीची किंमत एक लाख पासष्ट हजार आणि प्रत्येक थाळीमागे खर्च वजा जाता एक हजार रुपये उरतात. म्हणजे एकशे पासष्ट जण हरले की एका विजेत्याची गाडी फिटली. ती गाडी हॉटेलमालक देत नाही. पराभूत लोक वर्गणी काढून ती एकाला देतात, आणि मालकाला जाहिरात फुकटात मिळते. विजेत्याचा फोटो भिंतीवर लागतो. एकशे पासष्ट जणांचा कोणी लावत नाही. आपल्या सध्याच्या अर्थव्यवस्थेचे याहून चांगले चित्र मला काढता येणार नाही. एक नोकरी आणि हजार अर्ज, शिकवणी वर्गाच्या फलकावर एक चेहरा आणि त्याच्यामागे फी भरलेले असंख्य अनामिक चेहरे: ही सारी बुलेट थाळीच आहे. तिचे तत्त्व एकच. हरणाऱ्यांच्या पैशांवर एकाला जिंकवायचे आणि जिंकलेल्याकडे बोट दाखवून हरणाऱ्यांना गप्प बसवायचे.

तिसरा धडा प्रेक्षकांविषयी आहे. भूक ही कोणाची तरी करमणूक केव्हा होते? ज्या समाजात काहींची भूक इतकी जुनी झालेली असते की इतरांना ती दिसेनाशी होते, त्या समाजात. मी १९६१ चा. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. माझी आई खडी फोडण्याच्या कामावर जाई आणि आम्ही मुले तिच्यामागे सुकडीसाठी जात असू. त्या दुष्काळाच्या शिखरावर, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आम्ही खाल्ली. सुकडीची ओंजळ मिळाली की ती चिमूट चिमूट करून दिवसभर पुरवायची, हे शास्त्र मला कोणी शिकवावे लागले नाही. असे असताना अवघ्या आठ-नऊ वर्षांनी मी एका भुकेल्या माणसासमोर बसून लाडवांची पैज लावली! दोन वर्षे कॉलेजचे तोंड पाहिले आणि मी पंगतीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. शिक्षण माणसाला वर नेते असे आपण म्हणतो. वर गेलेला माणूस खाली पाहणे किती लवकर विसरतो याचे उदाहरण म्हणून मी तुमच्यापुढे उभा आहे.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी तीन आण्यांचा प्रश्न उभा केला. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी म्हटले आणि सरकार पक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. त्या वादात आकड्यांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट घडली. तळाच्या माणसाच्या ताटात काय पडते, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च सभागृहात प्रथमच इतक्या उघडपणे विचारला गेला. पुढे १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी दारिद्र्याची रेषा दररोजच्या २,२५० उष्मांकांवर आखली. म्हणजे गरीब कोण, याचे उत्तर शोधताना आमच्या शास्त्रालाही अखेर ताटापाशीच यावे लागले. त्यानंतर अर्धे शतक लोटले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. दर तीन मुलांत एकाहून अधिक. ज्या राज्यात ही स्थिती आहे तेथे पाच मिनिटांत किती वडापाव गिळता येतात याचा विक्रम करणे हे, सौम्य शब्दांत सांगायचे तर, सभ्यपणाचे लक्षण नाही.

आता चौथा धडा. माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोठा आहे. त्या पंधरा मिनिटांनी मला जेवणाच्या वेळेचे मोल शिकवले. स्पर्धेत घाईने खाणारा माणूस ती घाई हौसेने पत्करतो. परंतु या देशात कोट्यवधी माणसे रोज घाईने खातात, कारण त्यांचा वेळ त्यांच्या मालकीचा नाही.

कार्ल मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर एक दीर्घ प्रकरण आहे. इंग्लंडातील सरकारी कारखाना निरीक्षकांच्या अहवालांचा आधार घेऊन त्याने दाखवले की, गिरणीमालक मजुरांच्या जेवणाच्या सुटीतून आधी काही मिनिटे आणि नंतर काही मिनिटे कशी कापून घेत. वर्षाचा हिशेब केला की त्या मिनिटांचे दिवस होत आणि दिवसांचा नफा होई. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत तर कामगारांना दुपारची निश्चित सुटीच नव्हती. यंत्र चालू असतानाच आळीपाळीने चार घास पोटात ढकलायचे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने, 'दीनबंधु'च्या या संपादकाने, मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यातल्या मागण्या ध्यानात घ्या: आठवड्यातून रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. लोखंड्यांनी कामगारांसाठी सत्ता मागितली नव्हती, संपत्ती मागितली नव्हती. बसून जेवण्यापुरता अर्धा तास मागितला होता. त्यासाठी सात वर्षे झगडावे लागले. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मान्य झाली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेही पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे असे ठरवले.

त्या अर्ध्या तासाचे पुढे काय होत आहे? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि विश्रांती पाचाऐवजी सहा तासांनंतर देण्यास मान्यता दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कायदा त्यांत विलीन झाला. उद्योगस्नेही धोरण असे याला म्हणतात. ज्या पोटांवर हा स्नेह चालतो त्यांना कोणी विचारलेले नाही.

आणि आपला बीड जिल्हा? येथे तर हा अर्धा तास कधी आलाच नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावांतून लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. बाई पहाटे तीन-चारला उठून पालापुढे चूल पेटवते, भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि फडात जाते. मजुरी टनावर. गाडी फडात उभी राहिली की मोळ्या वाहायच्या, मग भाकरीचा घास तोंडात असो वा हातात. फडात काम करणारी ही माणसे फॅक्टरी कायद्याच्या कक्षेत नव्हती. त्यांच्या जेवणाचे घड्याळ वाहतूकदाराच्या हाती असते. २०१९ साली या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते आणि दंड भरावा लागतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. ज्या व्यवस्थेत विश्रांतीचा दिवस वाचवण्यासाठी स्त्री आपले गर्भाशय काढून टाकते, त्या व्यवस्थेत तिच्या दुपारच्या भाकरीला किती मिनिटे मिळत असतील? आपल्या जिल्ह्यात खरी शीघ्रभोजन स्पर्धा रोज दुपारी उसाच्या फडात चालते. तिला प्रेक्षक नाहीत आणि बक्षीसही नाही.

मित्रहो, मी खाण्याच्या आनंदाचा वैरी नाही. काही सुधारकांना पंगत दिसली की प्रवचन सुचते. मी त्यांतला नाही. आगटीभोवती बसून हुरडा खाणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यात मीही असतो. सप्ताहाच्या काल्याची पंगत, जावयाला केलेला आग्रह, 'अजून एक घ्या' म्हणून ताटावर आडवा घेतलेला हात, हे सारे आपले वैभव आहे. परंतु आग्रहात आणि पैजेत फरक आहे. आग्रह करणारा समोरच्याच्या तृप्तीकडे पाहतो. पैज लावणारा घड्याळाकडे पाहतो. पंगतीत शेवटचा जेवेपर्यंत पहिला उठत नाही. स्पर्धेत पहिला उठला की बाकीच्यांचे ताट ओढून घेतात. पंगतीतही आपण जातीची पाने वेगळी मांडली, गड्याला शेवटी बसवले, हे पाप आहेच. म्हणून समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सत्यनारायणातून सर्वांना एकत्र बसवण्याचा खटाटोप केला. म्हणून डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली, जेथे राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात, मान खाली न घालता, पोटभर जेवता यावे. पंगत सुधारता येते. स्पर्धा सुधारता येत नाही, कारण तिचे दुसऱ्याला हरवण्यावाचून चालतच नाही.

तेव्हा माझी मंडळाला सूचना अशी. पुढल्या वर्षी ही स्पर्धा नको. तेवढ्याच वर्गणीत एक साधी पंगत करा. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि एक गोड पदार्थ. तिच्यात पहिले पान हंगामाला निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे मांडा आणि वाढपी तुम्ही व्हा. सर्व जण एकाच रांगेत, एकाच सतरंजीवर बसतील. घड्याळ कोणी पाहणार नाही.

मात्र पंगतीवर थांबू नका, नाहीतर तो दानधर्म होईल. समाजवादाचा दानधर्माशी संबंध नाही. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. तो कामगारांच्या संघटित रेट्याने झाला, कोणाच्या कृपेने नव्हे. पुढल्या करारात दराच्या आकड्याबरोबर आणखी एक कलम असले पाहिजे: फडात दुपारी अर्धा तास जेवणाची सुटी, आणि त्या अर्ध्या तासात गाडी भरणार नाही. ही मागणी गावोगावच्या टोळ्यांपर्यंत नेण्याचे काम तुम्ही तरुणांनी करावे. प्रत्येक टोळीच्या सह्या आणि अंगठे घ्या. लोखंड्यांनी १८८४ साली हेच केले होते, आणि त्यांच्यापाशी मोटारसायकली नव्हत्या.

शेवटी त्या सालगड्याविषयी सांगून संपवतो. पैजेनंतर दहा-बारा वर्षांनी तो मला अंबाजोगाईच्या बसस्थानकावर भेटला. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. सालाचे काम सुटले होते; तोही आता कोयता घेऊन कारखान्यावर जात होता. मी प्राध्यापक झाल्याचे त्याला ठाऊक होते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर मी धीर करून त्या दिवशीचा विषय काढला आणि मी हसलो होतो याची क्षमा मागितली. त्याला त्याचे विशेष काही वाटले नसावे. तो म्हणाला, "मास्तर, सत्तावीस लाडू खाल्ले, पर एकाची चव कळली न्हाई बगा. ते तीन ऱ्हायलेले मी सोग्यात बांदून नेले. मालकानं बगितलं, पर बोलला न्हाई. तीन लेकरं व्हती. एकेक लाडू दिला. सांच्यापस्तोर पुरवून खाल्ला त्यायनी."

पुढे वर्गात गोसेनचा सिद्धान्त शिकवताना मला दरवर्षी ते तीन लाडू आठवत. सत्तावीस लाडवांत मिळून जे सुख नव्हते ते त्या तिघांत होते. कारण ती मुले भुकेली होती, एकमेकांशेजारी बसली होती आणि त्यांना कोणी घाई करत नव्हते. अर्थशास्त्राचे आणि समाजवादाचे सारे काम त्या तीन अटींपैकी पहिली नाहीशी करणे आणि उरलेल्या दोन सर्वांना मिळवून देणे हेच आहे, असे मी मानतो.